रेषेपर्यंत पाणी

बाईंची गाडी सकाळी थरथरते हे पहिल्यांदा मला कळलं, कारण तेव्हा माझा हात तिच्या बॉनेटवर होता. गाडी पुसायचं काम माझं. हे आत बसून बटण दाबायचे आणि मी बाहेरून कोरडं फडकं फिरवायची. ती गाडी चालू झाली तरी कळायची नाही. पेट्रोल आणि बॅटरी अशी दोन्हींवर चालणारी होती. आधी बॅटरीवर गुपचूप जागी व्हायची, मग तिला वाटेल तेव्हा इंजिन लागायचं आणि वाटेल तेव्हा बंद पडायचं. साहेबांनी ती पुण्याहून आणली तेव्हा कॉलनीतले लोक बघायला आले होते. आता तिला बारा-तेरा वर्षं झाली होती.

त्या दिवशी इंजिन लागलं आणि माझ्या हाताखालचा पत्रा हिवताप आल्यासारखा कापायला लागला. दोन्ही बाजूचे आरसे हलत होते. मी हात काढून घेतला. मिनिट-दीड मिनिटानं ते थांबलं आणि इंजिन नेहमीसारखं शांत झालं. ह्यांनी काच खाली केली.

"बगितलंस का?"

"व्हय. काय झालं तिला?"

"काय न्हाय. थंडी हाय," म्हणाले आणि काच वर केली. पण काच वर जाईपर्यंत त्यांचा चेहरा मला दिसला होता.

आम्ही सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात बाईंच्या बंगल्यामागच्या खोलीत राहत होतो. हे गाडी चालवायचे, मी घरातलं सगळं करायची. मुलगी लग्न होऊन गेलेली, त्यामुळे आम्ही दोघंच. साहेबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. बाईंचा मुलगा पुण्यात असायचा, त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. बाईंना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर असायचा आणि मी स्वयंपाकघरात मेथी निवडत असले तरी मला सगळं ऐकू यायचं. दादांचं एकच म्हणणं, आई, इकडे ये. बाईंचं एकच म्हणणं, इथं साहेबांची गाडी आहे, ड्रायव्हर आहे, मला कुणाचं काही लागत नाही. एका रविवारी दादा म्हणाले, "ठीक आहे. गाडी चालतेय तोवर तू तिथं राहा. ज्या दिवशी ती बंद पडेल त्या दिवशी बंगल्याला कुलूप." बाई हसून म्हणाल्या, "अरे, ती माझ्यापेक्षा जास्त टिकेल."

मी खोलीत येऊन ह्यांना ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्या दिवसापासून हे गाडीजवळून जाताना पाय जपून टाकायला लागले, जसं आत कुणी आजारी झोपलेलं आहे.

आता पाण्याचं लिहिते. ते लिहिल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

लग्न झाल्यावर आम्ही श्रीपूरकडं होतो. तिथं हे एकांची जुनी जीप चालवायचे. ती जीप पाणी फार प्यायची. ह्यांनी मला रेडिएटरचं झाकण कसं फिरवायचं ते दाखवलं होतं आणि म्हणाले होते, "सकाळी पाणी कमी दिसलं की भरत जा. मला विचारत बसू नगंस." तेव्हापासून गाडीला पाणी घालणं मला चुलीला सरपण घालण्यासारखं झालं. बाईंच्या गाडीत पाण्याचा पांढरा प्लास्टिकचा डबा होता, त्यावर खाली एक आणि वर एक अशा दोन रेषा. हे सकाळी बॉनेटची कळ ओढून अंघोळीला जायचे, म्हणजे मला आतली धूळ पुसता यावी. बरीच वर्षं त्या डब्यातलं पाणी हललंच नाही. दिवाळीनंतर ते बोटभर खाली गेलेलं दिसलं. मी वरच्या रेषेपर्यंत भरलं. मग आठवड्यानं परत. पुढं पुढं रोज अर्धा तांब्या लागायला लागला. गाडी म्हातारी झाली, आता ती पण जीपसारखी पिणार, एवढंच माझ्या मनात आलं.

बोअरचं पाणी खारट. ते इंजिनात कधी घालायचं नाही, हे ह्यांनी सांगितलेलं होतं. म्हणून मी फिल्टरचं घालायची. आणि फिल्टरच्या पाण्यावर बाईंचं फार लक्ष. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि ते फिल्टरचं मशीन जेवढं पाणी देतं तेवढंच मोरीत सोडून देतं. म्हणून बाईंनी सांगून ठेवलं होतं की फिल्टरचं पाणी फक्त प्यायला. डाळ शिजवायला पण नाही. मी बाई उठायच्या आत तांब्या भरून घ्यायची आणि पदराखाली धरून बाहेर न्यायची. चोरी म्हणायची तर चोरीच. पण वाटायचं, त्यांच्याच गाडीला तर घालते.

हे अंघोळ करून यायचे, डब्यात बघायचे, पाणी वरच्या रेषेला असायचं. बॉनेट बंद करायचे. मी भरते हे त्यांना माहीत नव्हतं आणि त्यांना माहीत नाही हे मला माहीत नव्हतं.

थरथर रोजची झाली. सकाळी पहिल्यांदा इंजिन लागलं की तेवढी दोन मिनिटं. नंतर दिवसभर गाडी अशी गुणाची की बाईंना काही कळायचं नाही. हे सात रस्ता चौकातल्या गाड्यांच्या स्टँडवर दुसऱ्या ड्रायव्हर लोकांत उभे राहून विचारायचे आणि तिथलं मला घरी येऊन सांगायचे. एक म्हणाला पंप बदल, पेट्रोलमध्ये पाणी असेल. एक म्हणाला इंजिनाखालची रबरं गेली असतील. एक म्हणाला, "मोठी बॅटरी गेली रं तिची. आता तिला हार घाल आन् फोटो काढून ठेव." हे सांगताना हसले नाहीत.

शोरूममध्ये नेली. तिथं जाईपर्यंत गाडी गरम झालेली आणि गरम झाली की ती दवाखान्याच्या दारात ताप उतरलेल्या पोरासारखी व्हायची. त्यांनी कॉम्प्युटर लावला. दोन नंबरला कधीतरी मिसिंग झालंय असं त्यात दिसलं. म्हणजे चार नळकांड्यांपैकी दोन नंबरच्यात पेट्रोल नीट पेटत नाही. त्यांनी हवेचा रस्ता साफ करून दिला, गाडी धुऊन दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच.

मग ह्यांनी चाचांना घरी बोलावलं. चाचा म्हणजे विजापूर रोडकडच्या गल्लीत गॅरेज असलेले वयस्कर मिस्त्री. ह्यांची त्यांची जुनी ओळख. चाचा म्हणाले, गाडी माझ्याकडे आणू नको, मीच सकाळी येतो, ती थंड असताना. जानेवारीतली सकाळ होती. ते कानटोपी घालून स्कूटरवर आले. बाई शाल घेऊन पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसल्या होत्या.

अडचण अशी होती की गाडीचं इंजिन आपलं आपण बंद पडतं. बघायला जावं तर गप्प. ते बंद पडू नये म्हणून एक युक्ती होती, चाचांनी ती मोबाइलवर बघितली होती. बटण दाबायचं पण गाडी सुरू करायची नाही. गिअर पीवर ठेवून रेसचं पेडल दोनदा पूर्ण दाबायचं, मग एनवर नेऊन दोनदा, परत पीवर आणून दोनदा. हे सगळं एका मिनिटात. मग ब्रेक दाबून चालू करायची. चाचांना मागं धुराजवळ थांबायचं होतं आणि ह्यांना पुढं बॉनेटजवळ. आत बसायला माणूस नव्हता.

"भाभी बसतील की," चाचा म्हणाले.

मी नको म्हणून मान हलवली. मी ड्रायव्हरच्या जागेवर आयुष्यात बसले नव्हते. पुसायला सुद्धा दारात उभी राहून वाकायची.

"बस गं," बाई म्हणाल्या. "साहेबांची सीट आहे, चावत नाही."

मी बसले. पाय पेडलला पोचेना. ह्यांनी सीट पुढं ओढली. चाचा खिडकीत वाकून मला शिकवत होते. "हे पी. हे एन. सवकाश नक्को, पण घाबरू पण नक्को. दोन दाबा, दोन दाबा, दोन दाबा. बस्स."

पहिल्या वेळी मी एनवर तीनदा दाबलं. काही झालं नाही.

"तीन कशाला?" हे पुढून ओरडले. "दोन म्हणलं की!"

"अरे, एक ज्यादा दिलं तर तुझं काय गेलं?" चाचा मागून म्हणाले. "भाभी, परत. ती थंड हाय अजून, काय बिघडलं न्हाय."

दुसऱ्या वेळी जमलं. इंजिन लागलं आणि सगळी गाडी हलायला लागली. हातात धरलेलं चाक, सीट, माझे दात. बाहेरून हात लावून जे कळत होतं ते आत बसून फारच भयानक वाटलं. मागून चाचा म्हणाले, "पांढरा धूर टाकतीय. पन थंडीत सगळ्याच टाकतात." मग ते पळत पुढं आले आणि प्लगला वीज देणाऱ्या एकेका कॉइलची वायर काढून बघायला लागले. एक नंबरची काढली की इंजिन आणखी खाली बसायचं. दोन नंबरची काढली तर काहीच फरक नाही. "हाच," चाचा म्हणाले. "हा झोपलाय." तेवढ्यात थरथर कमी झाली, थांबली. ह्यांनी मला खूण केली, मी बटण दाबून गाडी बंद केली. उतरायला कुणी सांगितलं नाही म्हणून बसून राहिले.

चाचांनी चारही प्लग काढले आणि बॉनेटच्या कडेवर फडक्यावर मांडले. बॉनेट आणि काच यांच्या फटीतून मला दिसत होते. तीन प्लग तपकिरी होते. दोन नंबरचा मात्र राखेनं घासून काढल्यासारखा स्वच्छ, चकचकीत. चाचांनी तो उचलून उन्हाकडं धरला. बराच वेळ बघत होते.

"हा एकटाच धुतल्यासारखा का?" ते ह्यांना म्हणाले. "पानी कमी होतंय का गाडीचं?"

"न्हाय. रोज बगतो मी. वरच्या रेषेला असतं."

"कधी भरायला लागलं?"

"कधीच न्हाय."

"नक्की?"

"चाचा, बावीस वर्षं गाडी चालवतोय. पाणी बगत न्हाई व्हय मी?"

चाचांनी डब्याचं झाकण उघडून आत बोट घातलं. "रंग उडालाय याचा. कूलंट गुलाबी पायजे. जुनं झालं असंल," म्हणाले.

खिडकीची काच खाली होती. मी दोन हातांवर होते त्यांच्यापासून. मला एवढंच म्हणायचं होतं की रोज सकाळी मी भरते. तोंड उघडलं पण होतं. पण पोर्चमध्ये बाई बसल्या होत्या आणि त्या लगेच विचारणार, कुठलं पाणी भरतेस? मग फिल्टरचं, मग किती दिवसांपासून, मग दिवाळीपासून. परक्या माणसासमोर. आणि ह्यांनी आत्ताच छातीवर हात ठेवून सांगितलं की कधी भरायला लागलं नाही. मी बोलले तर ह्यांचं खोटं पडणार, बाईंसमोर. मनात असं पण आलं, की खाली जमिनीवर तर कधी थेंब पडलेला दिसला नाही, मग हे विचारतात ते पाणी आणि मी भरते ते पाणी वेगळं असेल. मला स्वतःला पटत नव्हतं, पण मी ते धरून ठेवलं.

"पानी जात नसंल तर मग कॉइल," चाचा म्हणाले. बाईंनी मला चहा ठेवायला सांगितला. मी उतरून आत गेले.

नवीन कॉइल बसली, चारही प्लग नवीन बसले. आठवडाभर बरं वाटलं, मग परत. चाचा दोनदा आले. पेट्रोलचे फवारे साफ केले. शेवटी म्हणाले, "इंजिनाचं हेड खोलून बघावं असं वाटतंय. पन पानी तर जात न्हाई. खोललं आन् आत काय न्हाई निघालं तर बाई मला काय म्हनतील?" दादा फोनवर म्हणाले, आता त्या गाडीचं काही उघडायचं नाही, चालतेय तोवर चालू दे. म्हणून खोललं नाही.

मी काय केलं तेही लिहिते. मला वाटलं, आपण भरलंच नाही तर ह्यांना आपोआप दिसेल. मला सांगायला नको. म्हणून दोन दिवस नाही भरलं. पाणी खालच्या रेषेच्या खाली गेलं. त्या दोन्ही दिवशी बाईंना बँकेत लवकर जायचं होतं आणि ह्यांनी डब्यात बघितलंच नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मी बॉनेट उघडून उभी राहिले. डबा जवळजवळ मोकळा. मला इतकी भीती वाटली की मी आत गेले, तांब्या भरला आणि वरच्या रेषेपर्यंत ओतला. त्या दिवशी हे वेळेवर आले, बघितलं आणि म्हणाले, "पाणी तरी बरोबर हाय बाई हिचं."

मार्च संपता संपता बाईंचे डोळे दाखवायला पुण्याला जायचं ठरलं. बाईंना सोबत म्हणून मला पण घेतलं. निघायची घाई नको म्हणून ह्यांनी गाडी आदल्या संध्याकाळीच माझ्याकडून पुसून घेतली. गाडी नुकतीच बाहेरून आलेली, गरम होती. पाणी रेषेला दिसलं. गरम पाणी डब्यात वर चढतं आणि सकाळी परत खाली बसतं, हे मला नंतर कळलं. मी निवांत राहिले. सकाळी दशम्या आणि शेंगाची चटणी बांधून घेतली. बाईंची पूजा होऊन निघायला आठ वाजले.

मोहोळ गेल्यावर ऊन चढलं. बाईंनी एसी वाढवायला सांगितला. टेंभुर्णीच्या थोडं अलीकडं गाडीत टिंगटिंग आवाज झाला आणि ह्यांच्यासमोर लाल दिवा लागला. ह्यांनी लगेच एसी बंद केला, गाडी कडेला घेतली. खाली उतरून बॉनेट उघडलं तर आतून वाफ. मला तो वास आठवतो, गूळ करपल्यासारखा गोडसर.

बाईंना मी कडुनिंबाखाली सतरंजी टाकून बसवलं. हे गाडीपासून लांब उभे. गरम असताना झाकण उघडायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं. बऱ्याच वेळानं फडकं धरून झाकण फिरवलं आणि आत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, बाईंकडं बघितलं, परत आत.

"मोकळा हाय," म्हणाले. "सगळा मोकळा. काल संध्याकाळी तर रेषेला होतं."

त्यांनी वाकून गाडीखालची जमीन बघितली.

"असं एका दिवसात कसं जाईल? कुटं गेलं?"

"एका दिवसात नाही," मी म्हणाले. "मी रोज भरत होते."

ह्यांना ऐकू गेलं नसावं असं वाटलं, कारण एक ट्रक गेला. मी परत म्हणाले. "मी भरत होते. सकाळी. तुमी अंघोळीला गेल्यावर. दिवाळीपासून."

ह्यांनी झाकण हातात धरून ठेवलं होतं. 

बाई सतरंजीवरून म्हणाल्या, "काय म्हणते ती?"

"पाणी भरत होती म्हणती."

"कुठलं पाणी?"

"फिल्टरचं, बाई," मी म्हणाले.

मला वाटलं त्या रागावतील. त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसल्या. "अगं," म्हणाल्या, "तांब्याभर पाण्यासाठी मी तुला खाल्लं असतं का?" मला तेव्हा पहिल्यांदा रडू आलं. कारण त्या रोज तांब्याभर पाण्यावरूनच मला बोलायच्या आणि ते त्यांच्या लक्षात पण नव्हतं.

ह्यांनी झाकण खाली ठेवलं. शेजारच्या शेतातल्या बोअरवरून घागर आणली, पाणी घातलं. इंजिन लागलं, दोनदा ठोका दिला आणि बंद पडलं. मग ह्यांनी गाडी नुसत्या बॅटरीवर टेंभुर्णीपर्यंत नेली. सावकाश, कडेकडेनं, मागचा दिवा लुकलुकत ठेवून. इतकी शांत गाडी मी कधी ऐकली नव्हती. बाई डोळे मिटून बसल्या होत्या. चौकाच्या अलीकडं बॅटरी पण संपली आणि गाडी आपोआप थांबली. बाईंना दुसऱ्या गाडीनं पुण्याला पाठवलं. आम्ही दोघं गाडी ट्रकवर चढवून सोलापूरला परत आलो. ड्रायव्हर धरून तिघंजण दाटीनं बसलो होतो आणि हे सगळ्या रस्त्यात खिडकीच्या बाहेर बघत होते.

चाचांनी हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, खोललं. मी गेले नव्हते, हे सांगत होते. दोन नंबरजवळ हेडखालची गास्केटची पट्टी जळून पाण्याची वाट आत झाली होती. रात्रभर थेंब थेंब पाणी आत झिरपायचं आणि सकाळी इंजिन ते पाणी बाहेर टाकेपर्यंत थरथरायचं. वाफेनं तो प्लग धुऊन निघायचा. सगळं चाचांना त्या दिवशी वाटलं तसंच होतं. पण आता हेड वाकलं होतं, आतला दांडा पण वाकला होता. दुसरं इंजिन या गाडीचं मिळत नाही, आणि मिळालं तरी एवढ्या जुन्या गाडीला कुणी घालत नाही.

"चाचांनी काय विचारलं?" मी म्हणाले.

"विचारलं, पाणी बगत नव्हतास का?"

"मग?"

"मग काय. म्हणलं, लक्ष न्हाय ऱ्हायलं."

"माझं का नाही सांगितलं?"

"काय सांगू?" हे म्हणाले. "बायकू भरत हुती आन् मला म्हाईत न्हवतं, असं सांगू?"

बाई पुण्याहून आल्या त्या दादांबरोबर आणि पंधरा दिवसांत बंगला आवरून गेल्या. जाताना मला दोन साड्या आणि फिल्टरचं मशीन देऊ केलं. साड्या घेतल्या. गाडी भंगारवाल्यानं नेली. ती नेताना हे घरात नव्हते, मुद्दाम बाहेर गेले असतील.

आता आम्ही शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, एका टॉवेलच्या कारखान्यामागं खोली घेतली आहे. मी तिथं टॉवेलच्या घड्या घालते. बायका आपसात तेलुगूत बोलतात, मला बोलावं लागत नाही, ते बरं आहे. ह्यांना काम मिळेना. पहिल्यांदा मला वाटलं वय झालं म्हणून. मग एकदा ह्यांच्या ओळखीचा एक ड्रायव्हर घरी आला आणि चहा पिता पिता हसत म्हणाला, "गड्यानं बिनपाण्याची गाडी पुण्याला काढली हुती राव. वाळवंटातला उंट समजला का काय." हे पण हसले. तो गेल्यावर कप तसाच हातात धरून बसले. सात रस्त्यावर ही गोष्ट सगळ्यांना माहीत झाली होती. एका डॉक्टरांकडं काम ठरत आलं होतं, तिथं पण कुणीतरी सांगितलं. बावीस वर्षांत ह्यांनी गाडीला साधा ओरखडा येऊ दिला नव्हता.

म्हणून मी एका दुपारी चाचांच्या गॅरेजला गेले. एकटीनं रिक्षा करून मी कधी कुठं गेले नव्हते. गॅरेजच्या दारात बराच वेळ उभी होते. चाचा एका गाडीखालून बाहेर आले.

"अरे भाभी! क्या बात है. या, बसा. तो कुठाय?"

"मी एकटीच आले." मग जे ठरवून आले होते ते एका दमात सांगितलं. ह्यांचा दोष नाही. पाणी मी भरत होते. तुम्ही विचारलं तेव्हा मी आत बसले होते, मला ऐकू आलं होतं, मी बोलले नाही. तेवढं तुम्ही स्टँडवरच्या लोकांना सांगा.

चाचा हात पुसत होते. पुसून झाले तरी पुसत राहिले.

"मी सांगून काय होईल, भाभी?" ते म्हणाले. "मी म्हनलो, त्यानं न्हाई, त्याच्या बायकोनं केलं, तर लोक काय म्हनतील? ह्याची गाडी बायको बघत होती. ते तर अजून वाईट. आता हाय तेवढं राहू द्या."

मी मान हलवली. उठले. मग परत बसले.

"त्या दिवशी मी सांगितलं असतं तर वाचली असती का?"

त्यांनी फडकं खाली ठेवलं. चांगले आहेत ते. मला वाटलं आता म्हणतील, जुनी गाडी होती, जाणारच होती. मी तेच ऐकायला गेले असेन.

"वाचली असती," चाचा म्हणाले. "चार दिवसांचं काम होतं. मी प्लग हातात घेऊन उभा होतो."

त्यांनी चहा मागवला. मी तो सगळा प्याले, कारण अर्धा टाकून उठायची लाज वाटली.

घरी आले तेव्हा हे दारात बसले होते.

"कुटं गेलतीस?"

"भाजीला."

त्यांनी माझ्या मोकळ्या हातांकडं बघितलं.

"महाग होती," मी म्हणाले.

ते सरकून बसले, मला आत जायला वाट दिली.